दालचिनीचा नुस्खा कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी, रमजान संपता संपता, आमच्या सोलापूरच्या मामूंच्या फोनवर एक मेसेज आला. वर बिस्मिल्लाह, खाली दालचिनीच्या काड्यांचा फोटो आणि मधे ठळक अक्षरांत मजकूर: हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने लिहून ठेवलेला नुस्खा, सकाळी अनशापोटी चमचाभर दालचिनीची पूड मधातून घ्या, चाळीस दिवसांत शुगर मुळासकट जाईल, गोळ्यांची गरज उरणार नाही. शुगरवरचं औषध मधातून घ्यायचं, हे वाचून कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. इब्न सीनाचं नाव होतं ना!

मामूंना शुगर होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ईदनंतर त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि घरात कुणाला सांगितलं नाही. मामींना वाटत होतं, गोळ्या चालू आहेत आणि वरून दालचिनीही चालू आहे. बकरी ईदच्या आसपास चपलेने घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती महिनाभर भरली नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा पाय उशीवर ठेवून पडलेले मामू म्हणाले, "तू इत्ती किताबां पढता, जरा देख के बोल रे, इब्न सीना ने सच में ऐसा लिखा है क्या?"

त्यांना तेव्हा मी काही उत्तर देऊ शकलो नाही. पुढे काही महिने जे वाचलं ते इथे मांडतो आहे. थोडं लांबेल.

इब्न सीना १०३७ मध्ये हमदानला वारला. त्याच्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथाचे पाच भाग आहेत. दुसऱ्या भागात एकेका औषधी द्रव्याची माहिती आहे, तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतच्या अवयवांचे आजार आहेत. दालचिनी दुसऱ्या भागात येते आणि मधुमेह तिसऱ्या भागात, मूत्रपिंडाच्या आजारांमध्ये. त्याचं नाव तिथे 'ज़ियाबीतुस' असं आहे. हा मूळ ग्रीक शब्द. आत घेतलेलं पाणी न थांबता आरपार निघून जातं, असा त्याचा भाव. इब्न सीना त्याला आणखी एक नाव देतो, 'दूलाब', म्हणजे पाण्याचा रहाट. माणूस पाणी पितो, लघवी करतो, परत पाणी पितो. रहाटाचे पोहरे भरतात आणि रिकामे होतात. आजाराला इतकं नेमकं नाव क्वचित मिळालं असेल.

आता कारण बघा. युनानी तिब्बमध्ये सगळा विचार मिजाजावर चालतो: गरम, थंड, ओला, कोरडा. इब्न सीनाच्या मते हा आजार बहुतेक वेळा मूत्रपिंडाच्या वाढलेल्या उष्णतेमुळे होतो. तापलेलं मूत्रपिंड शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि धरून ठेवू शकत नाही. कधीकधी थंडीनेही होतो असं तो म्हणतो, पण मुख्य रोख उष्णतेवर आहे. मग इलाज उघडच आहे: शरीराला गारवा आणि ओलावा देणारं खाणंपिणं. आणि दालचिनी? ती तिब्बच्या सगळ्या पुस्तकांत गरम आणि कोरडी. थंडीने बिघडलेलं पोट, सर्दी-खोकला, तोंडाचा वास, मंद भूक, यांच्यावरची ती चीज. म्हणजे इब्न सीनाच्या स्वतःच्या हिशेबाने तापलेल्या मूत्रपिंडावर दालचिनी देणं हे आगीत तेल ओतण्यासारखं झालं असतं. त्याचं शरीरशास्त्र आज आपण मानत नाही, तो भाग वेगळा. पण ज्याचं नाव मेसेजवर होतं, त्याच्याच तर्काला तो नुस्खा बसत नाही.

याच तिब्बच्या परंपरेत अब्दुल लतीफ अल-बगदादी (११६२-१२३१) याने या एकाच आजारावर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्याच्याही आधी, हारून रशीदच्या काळात, बगदादला मन्का नावाचा हिंदुस्थानी वैद्य होता. यह्या बिन खालिद बरमकीच्या सांगण्यावरून त्याने सुश्रुताचं पुस्तक अरबीत आणायला मदत केली, ही नोंद इब्न नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आहे. आपल्याकडे 'त्यांचं वैद्यक' आणि 'आपलं वैद्यक' असे वाद हिरिरीने घालणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, हे एकदा वाचावं.

सुश्रुतात काय आहे? गोड लघवी आणि तिला लागणाऱ्या मुंग्या आपल्या वैद्यांना फार आधी दिसल्या होत्या. युरोपात थॉमस विलिसने तो गोडवा १६७४ मध्ये नोंदवला आणि मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये लघवी आटवून त्यातली साखर दाखवली. पण मला थांबवलं ते सुश्रुताच्या दुसऱ्या गोष्टीने. तो रोग्यांचे दोन प्रकार करतो. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला, हडकुळा, कोरडा, कमी खाणारा. दुसरा कुपथ्याने रोग ओढवून घेतलेला, जाड, खादाड, अंथरुण आणि झोप आवडणारा. आणि गरीब रोग्याला तो सांगतो की अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून, एका गावात एकापेक्षा जास्त रात्र न थांबता शंभर योजनं चाल. नाहीतर रानात राहून सावा-नीवारासारखं धान्य खा. नाहीतर विहीर खण. औषधांची यादी सुश्रुतातही लांबलचक आहे, पण ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत त्याला सांगितलेला हा इलाज, म्हणजे कमी खाणं, जाडंभरडं खाणं आणि अंग मोडेपर्यंत हालचाल, आजच्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीचा वाटेल.

मग दालचिनीचं काय? तिचा इतिहास आजारापेक्षा व्यापाराचा जास्त आहे. मराठीतला शब्दच फारसीतून आला: दार म्हणजे झाड, लाकूड, दारचीनी म्हणजे चीनचं लाकूड. ती नक्की कुठून येते हे पश्चिमेला कित्येक शतकं कळू दिलं गेलं नाही. हेरोडोटस गंभीरपणे सांगतो की मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी कड्यांवर बांधतात. अरब लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते वर नेतात आणि वजनाने घरटी कोसळतात. माल महाग विकायचा तर अशी गोष्ट हवीच! इब्न बतूता १३४४ मध्ये सिलोनला पोचला तेव्हा त्याला पक्षी दिसले नाहीत. किनाऱ्यावर ओढ्यांनी वाहून आणलेल्या दालचिनीच्या ओंडक्यांचे ढीग दिसले. मलबारचे लोक ते फुकट उचलून नेत आणि बदल्यात तिथल्या राजाला कापड वगैरे भेट देत, असं तो लिहितो. पुढच्या दीड-पावणेदोन शतकांत पोर्तुगीज आले आणि फुकटचा जमाना संपला.

या गोष्टीचा एक धागा आपल्या अहमदनगरपर्यंत येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्यही होता आणि मित्रही. निजामशाही दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत, अरबी-फारसी नावं तो त्यांच्याकडून शिकला. त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात दालचिनीवर एक अख्खा संवाद आहे. दारचीनी म्हणजे चीनचं लाकूड, हे तो तिथे उलगडतो, आणि सिलोनचा माल उत्तम का हेही. (ओर्ता मूळचा ज्यू कुटुंबातला. तो मेल्यावर बारा वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. त्याचं पुस्तक मात्र युरोपभर वाचलं गेलं.)

हकीम, वैद्य, पोर्तुगीज डॉक्टर, सगळ्यांना दालचिनी माहीत होती. ती पोटासाठी होती, सुवासासाठी होती, इतर औषधांच्या जोडीला होती. मधुमेहाची खास दवा म्हणून तिची कीर्ती अगदी अलीकडची. आणि ती सुरू होते एका सरकारी प्रयोगशाळेत.

अमेरिकेच्या कृषी खात्याची मेरीलँडमध्ये बेल्ट्सविल इथे पोषणावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे रिचर्ड अँडरसन आणि सहकारी वेगवेगळे पदार्थ इन्सुलिनच्या कामाला मदत करतात का, हे काचेच्या नळीत तपासत होते. सफरचंदाचा पाय, म्हणजे तिकडचं गोड पक्वान्न, वाईट निकाल देईल अशी अपेक्षा होती, निघाला चांगला. शोध घेतल्यावर श्रेय त्यातल्या दालचिनीकडे गेलं. त्यांचा निबंध १९९० मध्ये आला. त्या गटातले एक संशोधक, आलम खान, पुढे पेशावरच्या कृषी विद्यापीठात होते. तिथे त्यांनी माणसांवर प्रयोग केला आणि तो २००३ च्या डिसेंबरमध्ये 'डायबिटीस केअर' या मासिकात छापून आला. साठ रोगी, तीस पुरुष आणि तीस बायका. काहींना रोज १ ग्रॅम, काहींना ३, काहींना ६ ग्रॅम दालचिनी, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पिठाच्या कॅप्सूल. मुदत चाळीस दिवस. उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली.

मेसेजमधले 'चाळीस दिवस' वाचून मला आधी चिल्ला आठवला होता. ते बहुधा पेशावरचे चाळीस दिवस असावेत.

मेसेजमधून दोन गोष्टी मात्र गळून पडल्या. पेशावरचे ते साठही लोक शुगरच्या गोळ्या घेत होते आणि प्रयोग चालू असताना त्या गोळ्या चालूच होत्या. गोळ्यांच्या ऐवजी दालचिनी, हे तिथे कुणी तपासलंच नव्हतं. दुसरं, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी त्या निबंधात नाही, आणि चाळीस दिवसांत ती पुरती दिसलीही नसती.

पुढे इतरांनी करून बघितलं. हॉलंडमधल्या पंचवीस बायकांवरचा प्रयोग २००६ साली छापून आला; त्यांतल्या काहींना सहा आठवडे रोज दीड ग्रॅम दालचिनी दिली होती. फरक पडला नाही. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने दहा प्रयोग आणि ५७७ रोगी एकत्र धरून आढावा घेतला आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षीच्या एका आढाव्यात उपाशीपोटीची शुगर थोडी उतरलेली दिसली, पण एचबीएवनसी हललेली दिसली नाही. म्हणजे थोडंफार काही असेलही. गोळी सोडण्याइतकं नक्कीच नाही.

झाडपाल्याला हसायचं कारण नाही, हेही सांगतो. मामू जी मेटफॉर्मिनची गोळी घेत होते तिचं मूळ गलेगा नावाच्या युरोपातल्या रानटी झाडात आहे. त्यातल्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी तशी द्रव्यं बनवली, कित्येक दशकं ती कपाटात पडली, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्नने मेटफॉर्मिन रोग्यांना देऊन निकाल छापले. मामूंनी झाडपाल्यासाठी जी गोळी सोडली, ती झाडपाल्याचीच नात होती.

दालचिनी निरुपद्रवी आहे असंही समजू नका. बाजारात स्वस्त मिळते ती बहुधा कॅसिया, चीन-व्हिएतनाम-इंडोनेशियाकडची. जाड साल, एकाच वळकटीची, हाताने सहज न मोडणारी. खरी सिलोन दालचिनी पातळ, अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळलेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात याच दालचिनीची, आपल्या नारळ-सुपारीच्या बागांत लावतात. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनच्या दालचिनीत अगदी थोडं. काही लोकांच्या यकृताला कुमारिन त्रास देतं. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाने रोज २ ग्रॅम कॅसिया खाल्ली की कुमारिनची रोजची मर्यादा गाठली जाते. चमचाभर पूड म्हणजे साधारण तेवढीच, किंवा जास्त. मसाल्यातल्या दोन तुकड्यांना काही होत नाही. महिनोन्‌महिने चमचा मोजून खाणाऱ्याने विचार करावा.

सुश्रुताने गरिबाला सांगितलेल्या कमी खाण्याचा इतिहास मात्र फार वेगळा निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या लठ्ठ रोग्याचं धान्य-भाजी तोडून त्याला मांस-चरबीवर ठेवलं आणि त्याची प्रकृती सुधारली. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या फौजेने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्न संपलं, लोकांनी उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले हत्ती कापले. त्या उपासमारीत बुशार्दा या डॉक्टरला दिसलं की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. तो मग रोग्यांना शक्य तितकं कमी खा म्हणून सांगत राहिला.

हाच विचार अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलनने १९१४ नंतर टोकाला नेला. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी अकरा वर्षांची असताना त्याच्याकडे आली. १९२२ च्या उन्हाळ्यात तिचं वजन २० किलोच्या आसपास उरलं होतं. तिला वाचवलं ते उपासाने नव्हे, इन्सुलिनने. त्याच वर्षी ११ जानेवारीला टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली. उपासाने मृत्यू काही काळ लांबला, तिची वेळ येईपर्यंत, एवढंच. म्हणून ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्या पहिल्या प्रकारच्या रोग्यांनी आहाराच्या जोरावर इन्सुलिन थांबवायचा विचार स्वप्नातही करू नये.

दुसऱ्या प्रकाराचं तसं नाही, आणि आपल्या घराघरांत आहे तो हाच. २०१७ मध्ये रॉय टेलर आणि मायकल लीन यांनी ब्रिटनमधल्या ३०६ लोकांवरचा प्रयोग छापला. अर्ध्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचं पेय-अन्न, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवून. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळीविना आटोक्यात होती; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले होते. वजन परत वाढलं की शुगरही परत येते. बुशार्दाने जे बघितलं त्याचं कारणही कळलं: यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरते.

पोटाचा एक हिस्सा जेवणाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आपल्यात कुणाला पाठ नाही? तिब्बे-नबवीच्या नावाने कलौंजी, मध, अजवा खजूर सगळं विकलं जातं. ही हदीस विकता येत नाही, म्हणून तिचा मेसेज कुणी पाठवत नसावं. आपले इफ्तारचे दस्तरखान मी लहानपणापासून बघतो आहे: सरबत, खजूर, भजी, समोसे, मग मैद्याची नान आणि बिर्याणी, वर फिरनी. बारा-चौदा तास कमवायचं आणि अर्ध्या तासात उधळायचं. शुगरवाल्याने रोजे ठेवायचे तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात, आणि डॉक्टर नको म्हणाले तर आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे.

मामूंच्या लहानपणी त्यांच्या घरात तांदूळ सणाला शिजायचा. रोजचं जेवण म्हणजे मंगळवेढ्याकडच्या ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, शुक्रवारी गोश्त. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्ल्याचं ते अजून सांगतात. नंतर रेशनचा गहू-तांदूळ आला, बेकरीचे पाव आले, गेल्या वीस वर्षांत बिर्याणी आठवड्याची झाली. ज्वारीनेही शुगर वाढते, ती काही जादू नाही. पण दोन भाकऱ्यांवर पोट भरतं आणि भाताच्या ताटाला बूड नसतं. त्यात आपली शरीरंही वेगळी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लान्सेट'मध्ये छापला गेला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१. मामूही बारीकच. मला कशी शुगर होईल, मी काय जाडा आहे का, असं ते अकरा वर्षं म्हणत आले होते.

मागच्या महिन्यात सोलापूरला गेलो तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. इब्न सीनाने असं लिहिलेलं नाही, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मतलब उस बेचारे का नाम खराब किया लोगां ने." आता ते गोळ्या वेळेवर घेतात, मामी स्वतः हातावर ठेवतात. रोज रात्री पायाचे तळवे आरशात बघतात. संध्याकाळी विशेष चप्पल घालून सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन येतात, हळूहळू. जेवणात कडक भाकरी परत आली आहे, भात मूठभर. दालचिनी त्यांनी सोडलेली नाही. बिनसाखरेच्या चहात छोटा तुकडा टाकतात, वास छान येतो म्हणून.